शांघायचा प्रवास, अळणावरपर्यंत

अळणावरचं स्टेशन अजून जागच्या जागी आहे, याचाच मला राग येतो. हुबळी बदलली, धारवाड बदललं, दोन्हींच्या मधल्या ज्या माळावर आम्ही बोरं वेचली तिथे नवनगर नावाची अख्खी वसाहत उभी राहिली. पण अळणावरला कुणी हात लावला नाही. तोच लांबट फलाट, तीच कौलं, वखारीतल्या ओल्या सागवानाचा तोच तुरट वास. गेल्या महिन्यात बेळगावला एका साखरपुड्याला निघाले होते, तर गाडी नेमकी तिथे अडकून पडली. समोरच्या बाकावर अक्कांची सून होती. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, धारवाडला दिलेली. सुनेने खिडकीतून पाटी वाचली, चक्क हात जोडले आणि मला म्हणाली, “मामी, हेच न्हवं का ते? हितंच तुम्ही वाचला!”

तिच्या तोंडावर भक्ती होती. मी पदराने वारा घेत बसले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी हे ऐकते आहे. लग्नात, बारशात, हळदीकुंकवात, कुणीतरी कुणाच्या तरी कानाशी लागतं आणि मग मान वळवून माझ्याकडे बघतं: याच त्या, वाचलेल्या. मला वाचवा म्हणून मी कुणाकडे अर्ज केला होता?

माझा चीनचा प्रवास सकाळी हुबळीला सुरू झाला आणि तीस-पस्तीस मैलांवर अळणावरला संपला. लोक मिरच्या विकायला याहून लांब जातात.

हे शांघायला होते. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती आणि आता या वयात जीभ वळायची नाही. हुबळीच्या एका कापसाच्या पेढीने त्यांना तिकडच्या गिरण्यांसाठी धाडलं होतं. मूठभर कापूस घेऊन, त्याचा तंतू दोन चिमटींत ओढून, हा कुठल्या मातीतला ते सांगणारा माणूस पेढीला तिथे हवा होता. लग्नानंतर चार महिन्यांनी ते गेले. मी सोळा वर्षांची होते. त्या चार महिन्यांत आम्ही जेवढं बोललो त्याच्या दसपट पुढच्या तीन वर्षांत पत्रांतून बोललो. पातळ कागद असायचे, आणि उघडले की कापराच्या लाकडाचा वास यायचा. तिथल्या पेट्या त्याच लाकडाच्या असतात म्हणे. मी पत्र वाचायच्या आधी नाकाला लावायची. इथे खाडीत होड्यांवर लोकांचे संसार आहेत, होडीवर चूल आणि होडीवरच पाळणा. इथे चहात दूध घालत नाहीत. थंडीत बोलताना तोंडातून वाफ निघते, तेव्हा दोघं भांडत असले तर ते लांबूनही कळतं. असं काय काय लिहायचे. मग एका पत्रात आलं: खोली घेतली आहे. खिडकी खाडीवर उघडते. चूल मी स्वतः घातली, आपल्याकडची वाटावी अशी. आता तू ये.

ते पत्र घरात दाखवायच्या आधी मी दोन दिवस पोलक्यात घेऊन फिरले. कांडताना, दळताना, पाणी भरताना ते टोचायचं. तिसऱ्या दिवशी घामाने अक्षरं फुटायला लागली तेव्हा नाइलाजाने अप्पांपुढे ठेवलं.

अप्पा माझे सासरे. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात त्यांचं खणालुगड्यांचं दुकान होतं. त्यांनी हरकत घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. समुद्र ओलांडायचा म्हणून भावकीने कुरकुर केली, तेव्हा अप्पा गज आपटून म्हणाले, “पोरगा तिकडं चूल घालून बसलाय, आणि सून हितं माझं ताट वाढत बसू दे काय?” अप्पा वाईट नव्हते. हाच तर सगळा त्रास आहे. वाईट असते तर मी एकदाच कडाडून रागावून मोकळी झाले असते.

पासपोर्ट काढलेली बाई तोवर आमच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. त्यासाठी फोटो हवा होता. फोटोवाल्याने डोक्यावरचा पदर मागे घ्या म्हटलं, तेव्हा अप्पा माझ्याकडे पाठ करून पडद्यावर रंगवलेल्या ताजमहालाकडे बघत उभे राहिले. फोटोत मी जराशी हसले आहे, ते त्यामुळेच. दोन-अडीच महिन्यांनी पासपोर्ट आला. जाड पुठ्ठा, आत डिंकाचा वास, शाईचे शिक्के आणि माझं नाव. बाईच्या नावाने घरात कागद येतो तो माहेरच्या पत्राचा, एवढंच मला ठाऊक होतं. हा पहिला कागद असा, की जो दाखवला तर मला कुठेतरी जाऊ द्यावं लागेल. मी तो रोज एकदा उघडून बघायची.

बोट गुरुवारी मुंबईहून सुटणार होती. म्हणजे मंगळवारी हुबळी सोडणं भाग होतं, आणि मंगळवारी उत्तरेला दिशाशूळ, त्या वारी तिकडे निघायचं नाही. सोमवारी अमावास्या. अप्पांनी पंचांग पुढून मागून चाळलं, पण वार काही जागा सोडीनात. यावर आमच्याकडे एक तोड होती, प्रस्थान ठेवायची. हल्ली पोरांना हा शब्द ठाऊक नसतो. चांगला मुहूर्त बघून प्रवाशाची एखादी वस्तू तांदूळ, हळकुंड आणि सुपारीबरोबर पिवळ्या फडक्यात बांधायची आणि जायच्या वाटेवर दुसऱ्याच्या घरी नेऊन देवापुढे ठेवायची. म्हणजे प्रवास त्या मुहूर्तावर सुरू झाला असं धरतात. मग माणूस कुठल्याही वारी निघो. वाटेत ते गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं. दिशाशूळाच्या डोळ्यांत सरळ धूळफेक, पण तो बिचारा चालवून घेतो.

शनिवारचा मुहूर्त निघाला. ठेवायचं धारवाडला, अक्कांच्या घरी. मी माझं एक पातळ घडी करून आणलं. अप्पांनी ते बाजूला ठेवलं.

“पासपोर्ट आण. बोटीचं तिकीटही आण.”

मी पातळ परत पुढे सरकवलं. “अप्पा, ते माझ्या ट्रंकेत असू दे की. पातळ न्या.”

“हे बघ पोरी, पातळ नसलं तर माणूस जाऊ शकतो का न्हाई?”

“शकतो.”

“आणि पासपोर्ट नसला तर?”

“न्हाई.”

“मग प्रवासाचा जीव कशात झाला, सांग बघू? जीव पुढं गेला की बाकीचा माल मागनं येतो.” असं म्हणून अप्पा हसले. त्यांच्या बोलण्यात तसूभर चूक काढता येत नव्हती. गाठ मारताना त्यांनी मला बजावलं की प्रस्थानात काय आहे ते कुणाला बोलायचं नसतं. आणि टांग्यात बसून ते स्वतः धारवाडला गेले, आता ज्याला सुभाष रोड म्हणतात तिथे अक्कांचं घर होतं, आणि गाठोडं अक्कांच्या हातात देऊन आले.

मंगळवारची सकाळ. वैशाख होता. कापसातली सरकी काढायच्या जिनांचा हंगाम सरत आला होता, तरी गाड्यांमधून उडालेला कापूस स्टेशनाच्या वाटेवरच्या चिंचांना लोंबत होता. आमची अख्खी गल्ली स्टेशनावर आली होती. आणि प्रत्येकीने ओटी भरली. फलाटावरच, उभ्या उभ्या, पोर्टरांना अंगावर घेत. अकरा नारळ झाले. एका काकींनी पुरचुंडीतून मीठ दिलं, तिकडे मिळतं की नाही कुणास ठाऊक म्हणून. दुसरीने सांगितलं, तिथलं पाणी पिऊ नको. मग काय पिऊ, ते तिने सांगितलं नाही. कडक भाकरींची चवड, शेंगांची चटणी, शेवया, मेतकूट, आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी, जिचं तोंड फडक्याने बांधलेलं होतं. ती बरणी मी आणू नका म्हणत होते. नवी ट्रंक, तिच्या रंगाचा वास, वळकटी, दोन पिशव्या, फिरकीचा तांब्या. “हे धर गं,” “ते कुठं ठेवलं?” “अगं पडलं बघ!” गाडी सुटेपर्यंत मला रडायलाही सवड मिळाली नाही. आणि मला रडायचं नव्हतंच. तोंडावर पदर घेऊन मी आतल्या आत हसत होते.

गाडीने हुबळी सोडली तशी बरणी कलंडली. मला मुंबईला बोटीत बसवून द्यायला बरोबर निघालेल्या अप्पांनी ती पायाने अडवली. मग नारळ सुटले. अकरा नारळ डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत गेले आणि एका लष्करी शिपायाच्या बुटांपाशी जमले. त्याने एकेक करून परत लोटले. अप्पा शिपायाला “थँक्यू, थँक्यू” म्हणत होते, अकरा वेळा. तेवढ्यात धारवाड आलं.

अक्का फलाटावर धावत आल्या, दोन पोरं काखेला आणि हातात सामान. अक्कांचा आवाज असा, की दुकानात बोलल्या तर माडीवर झोपलेला उठावा. पेढ्यांचा पुडा खिडकीतून आत आला, मागोमाग पिवळ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं आलं, त्यामागून अक्कांचा हात येऊन माझ्या गालावरून फिरला. “वैनी, जपून जा गं! पोचल्याचं पत्र घाल, बघ!” अजून काहीतरी त्या ओरडल्या, पण इंजिनाने शिटी दिली. अप्पांनी पिवळं गाठोडं कपाळाला लावून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदा पाठ टेकून बसले. मी ते दोन्ही हातांनी धरलं. त्यातून पेढ्यांच्या भाजक्या दुधाचा वास येत होता. मला वाटलं, शेजारच्या पुड्याचा असेल.

मुगद गेलं. झाडी दाट व्हायला लागली, डब्यात गारवा आला. खिडकीतून सागाची पानं, मधेच एखादा रानफणस, ओढ्यात डुंबणाऱ्या म्हशी. मी मनात एकेक गाव पुसत होते. कंबारगणवी आलं आणि गेलं. त्या अर्ध्या तासाबद्दल कुणी मला विचारत नाही. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला अर्धा तास होता. मांडीवर पासपोर्ट होता, पुढे समुद्र होता, त्यापुढे खाडीवर उघडणारी खिडकी.

मग लोणच्याचं तेल आलं. बरणीचं फडकं सुटलं होतं, वळकटी भिजवून तेल बाकावरून माझ्याकडे ओघळत आलं आणि गाठोड्याच्या बुडाला लागलं. पासपोर्टला डाग पडेल म्हणून मी घाईने गाठ सोडली. आत खव्याचा कुंदा होता. वर चार कडक भाकरी होत्या. मी भाकरी उचलल्या, कुंदा उलटा केला, फडकं झटकलं. अप्पा बघत राहिले.

“ह्यात न्हाई,” मी म्हणाले.

“असेल की. नीट बघ.”

“अप्पा, हा कुंदा आहे!” सासऱ्यांपुढे मी आवाज चढवला तो पहिल्यांदा. शिपायाने मान वळवली.

अळणावरला आम्ही उतरलो, म्हणजे जे हाताला लागलं ते खाली फेकत उतरलो. तीन नारळ गाडीबरोबर पुढे गेले. सकाळचे साडेनऊ झाले असतील. मुंबईची पुढची गाडी संध्याकाळची मेल. तीत गाठोड्यासह बसलो तर बोट मिळत होती, ती चुकली तर बोटही चुकली. एवढा सोपा हिशेब होता. मी अप्पांना म्हटलं, “दुपारी धारवाडला परत जाणारी गाडी आहे. तीत बसून जाऊ, गाठोडं घेऊ, आणि धारवाडलाच मेल पकडू.”

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काही अभद्र बोलले. “निघालेलं माणूस परत फिरत न्हाई, पोरी. शीव ओलांडलीय. परत फिरलं की प्रस्थान मोडलं.”

“प्रस्थान धारवाडलाच बसलंय, अप्पा. मोडायचं काय राहिलंय?”

“गप. मी तार करतो.”

तारबाबूच्या खिडकीशी मी त्यांच्या मागे उभी होते. अप्पांनी मजकूर सांगितला: प्रस्थानाचं गाठोडं माणसाबरोबर संध्याकाळच्या मेलने अळणावरला पाठवा. मी हळूच म्हटलं, “अप्पा, त्यात पासपोर्ट आहे असं लिहा.” ते वळले देखील नाहीत. “प्रस्थानात काय आहे ते बोलायचं नसतं. तुला सांगितलंय न्हवं?” मी पुन्हा म्हटलं. तारबाबूने पेन थांबवलं. अप्पा म्हणाले, “एवढंच. पाठवा.”

आणि मग आम्ही बसलो. मी ट्रंकेवर, अप्पा वळकटीवर. लोणच्याच्या वासाला माश्या आल्या. दांडेलीच्या फाट्यावरून आलेल्या मालगाडीतून हमाल ओंडके उतरवत होते, एकाने सूर धरायचा आणि बाकीच्यांनी मिळून लोटायचं, आणि प्रत्येक ओंडका पडला की माझ्या पायाखालचा फलाट हादरायचा. ओल्या सालीचा वास इतका दाट होता की घशाला चव लागायची. फणसाचे गरे विकणारी एक म्हातारी जवळ येऊन बसली. तिने कानडीत विचारलं, कुठे निघालीस? मी सांगितलं, चीनला. तिने विचारलं, ते लोंढ्याच्या अलीकडे का पलीकडे? मला हसू आलं नाही. पलीकडे, मी म्हटलं.

साडेबाराला परतीची गाडी आली. माझ्या समोर, दहा पावलांवर. समोरून येणाऱ्या गाडीसाठी ती थांबून राहिली. बायकांच्या डब्याचं दार माझ्या बरोबर पुढ्यात उघडं होतं. आत एक बाई मुलाला पाजत होती. सकाळपासून माझ्या कमरेला बटवा होता, त्यात धारवाडपर्यंतच्या तिकिटाला पुरून उरतील एवढे पैसे होते. अप्पांनी डोळे मिटले होते. झोपले नव्हते, जप करत होते. म्हातारीला आमची कथा तोवर कळली होती. तिने माझ्या दंडाला हात लावला. “यव्वा, गाडी बंतु. हत्तु!” गाडी आली, चढ, म्हणाली. मी अप्पांकडे बघितलं. “हत्तु,” ती पुन्हा म्हणाली, आता चिडून. मी ट्रंकेवरून हलले नाही. डोक्यावरचा पदर तेवढा पुढे ओढला. समोरची गाडी आली, शिट्टी झाली आणि बायकांचा डबा माझ्यासमोरून सरकत गेला. म्हातारीने गऱ्यांची टोपली उचलली आणि लांब जाऊन बसली.

चार वाजता धारवाडहून तारेचं उत्तर आलं. अक्कांच्या सासऱ्यांनी केलेली तार. तारबाबूने इंग्रजी वाचून मराठीत सांगितली: प्रस्थान हलवणे अशुभ. येथे देवापुढे सुरक्षित आहे. निर्धास्त जा.

अक्कांच्या सासरी रीतच वेगळी होती. त्यांच्याकडे प्रस्थान उचलत नाहीत. प्रवासी सुखरूप पोचल्याचं पत्र येईपर्यंत ते देवापुढे राहतं, मग तांदळाचा भात करून वाढतात. बांधलेलं प्रस्थान सोडून बघायचं नाही, आणि आत सुपारी-तांदळाशिवाय काही असेल हे त्या घरातल्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. अक्कांनी आपल्या घरचा धर्म तंतोतंत पाळला. अप्पांनी आपल्या घरचा पाळला. चुकलं कुणाचंच नाही. आणि हे मला लोक समजावून सांगतात, जणू काही त्याने माझा राग उतरणार आहे! उलट चुकलं असतं तर एखाद्याने माझ्यापुढे येऊन मान खाली घातली असती. इथे सगळे ताठ मानेने उभे, आणि मी एकटी ट्रंकेवर.

दुसरी तार पोचून माणूस निघेल एवढा वेळ उरला नव्हता; संध्याकाळची मेल आली आणि गेली, तेव्हा अप्पांनी तार केली की परत येतोय, गाठोडं घेऊन स्टेशनावर या. दुसऱ्या दिवशी सकाळी, निघालेलं माणूस परत फिरत नाही म्हणणारे अप्पा आणि मी, आठ नारळ घेऊन त्याच रुळांवरून परत फिरलोच. धारवाड स्टेशनावर अक्का गाठोडं घेऊन उभ्या होत्या. “वैनी, मला काय ठाऊक गं,” म्हणून त्या रडल्या. मी पासपोर्ट काढून घेतला. त्यावर कुंकवाची बोटं उमटली होती. त्याची पूजा झाली होती चार दिवस.

पुढची बोट महिन्याने होती. अप्पांनी पंचांग उघडलं. ज्येष्ठात गुरूचा अस्त. मग आषाढ, आणि चातुर्मासात कुणी समुद्र ओलांडतं का? कार्तिकात बघू, असं ठरलं. श्रावणात शांघायवर बाँब पडायला लागले.

वर्तमानपत्र दुकानात वाचलं गेलं आणि संध्याकाळी घर माणसांनी भरलं. पहिल्यांदा कोण म्हणालं ते आता आठवत नाही, पण रात्रीच्या जेवणापर्यंत सगळी गल्ली म्हणत होती: पोरगी वाचली. प्रस्थानाने वाचवलं. देवाने अळणावरला हात धरून खाली उतरवलं. हे तिकडे जिवंत आहेत की नाहीत याचा पत्ता नव्हता, आणि आमच्या ओसरीवर पेढे वाटले गेले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हातात परात होती, ती मी भिंतीवर फेकली. सासूबाई म्हणाल्या, बिचारीला धक्का बसलाय.

दिवाळीपर्यंत अप्पांची गोष्ट पक्की झाली होती. “मला आतनं वाटलंच होतं,” ते गिऱ्हाइकाला खण फाडून देता देता सांगायचे, “म्हणून तर मी तारेत पासपोर्ट लिहू दिला न्हाई.” लोक त्यांच्याकडे प्रस्थानाची रीत विचारायला यायला लागले. अप्पा गेले तेव्हा शेवटच्या दिवसांत माझा हात धरून म्हणाले, “तुला वाचवलं, पोरी. एवढं एक माझ्या हातनं झालं.” मरणाऱ्या माणसाला काय बोलायचं? मी त्यांच्या तोंडात पाणी घातलं. ते माझ्याकडे बघून समाधानाने हसले, आणि मला त्यांचा इतका राग आला की पळी तिथेच टाकून मी परसात निघून गेले.

यांची पत्रं आधी दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग अजिबात येईनाशी झाली. पेढीने त्यांना का ठेवलं, तिकडे कोण कुणावर चालून गेलं, ते शिकलेली माणसं सांगतील. मला एवढंच ठाऊक आहे की कापराच्या लाकडाचा वास कागदातून हळूहळू उडून गेला. मी ती पत्रं पितळी डब्यात बंद करून ठेवायची, उघडायची नाही, वास जाईल म्हणून. तरी गेला. सोळाची मी अठ्ठावीसची झाले. बायकांनी मला डोहाळजेवणाला बोलावणं सोडून दिलं. मात्र वाचलेली म्हणून दाखवायला बोलवायच्या.

“मामी, पाणी देऊ?” अक्कांची सून विचारत होती. गाडी अजून अळणावरलाच उभी होती. फलाटावर एक पोरगी बापाबरोबर ट्रंकेवर बसून कणीस खात होती, आणि उगीचच मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं, ऊठ म्हणून. मी सुनेला म्हटलं, “अगं, मी वाचले नाही. मी राहिले.” ती हसली. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, असं तिला वाटलं असेल.

महायुद्ध संपल्यावर हे परत आले. हुबळी स्टेशनावर जो माणूस उतरला त्याचे केस पांढरे झाले होते, पुढचे दोन दात नव्हते. तो गरम पाणी प्यायचा आणि उरलेली भाकरी कुणाचं लक्ष नसताना उशीखाली ठेवायचा. ते तिकडचं काही बोलले नाहीत, मी विचारलं नाही. माणसं भेटायला येत होती. आणि येणारा प्रत्येक जण त्यांनाही सांगत होता, की तुमची बायको कशी वाचली. ते ऐकून घेत. “हो, बरं झालं,” असं म्हणत.

चौथ्या दिवशी घर रिकामं झालं. दुपारचं मी त्यांना वाढत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “त्या दिवशी अळणावरला परतीची गाडी नव्हती का?”

“नव्हती,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि थोडं ताक मागितलं. लग्नाआधी तीन वर्षं ते पेढीच्या जिनासाठी लाकूड बघायला दर आठवड्याला अळणावरला जायचे, आणि साडेबाराच्या त्या गाडीने घरी परत यायचे.